सात मजली महारवाडा

पुनर्वसन हा शब्द मला कुणी समजावून सांगू नये. मी त्याच्या सातव्या मजल्यावर राहतो.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा कात्रजकडून भिंती पाडीत आला आणि दांडेकर पुलाजवळ आमच्या पत्र्यात घुसला. आयनं बाबासाहेबांचा फोटो डोक्यावर धरला, मी रेशनकार्ड आणि वह्या. वह्या भिजल्या, कार्ड वाचलं. बरं झालं. कवितांवर कुणी 'पात्र' ठरत नाय.

बिल्डिंग मिळाली ती शहराच्या पार कडेला. पहिल्या दिवशी आय लिफ्टमधून तीनदा वर-खाली गेली. जन्मभर डबा घेऊन रांगेत उभी राहिलेली बाई घरातल्या संडासाला कडी लावून रडली. तेव्हा मी मेळाव्यात ओढ्याला शिव्या घालणारी कविता वाचली. टाळ्या पडल्या. ती कविता आज मी मागं घेतो.

लिफ्ट दोन पावसाळ्यांत मेली. पाणी वर चढत नाय. खाली चेंबर तुंबलेलं. डाळमिलची रात्रपाळी करून, अंगावर चुणीची धूळ घेऊन, हातात दोन कॅन धरून मी सात मजले चढतो. आय महिन्यातून एकदा उतरते. म्हंजे उतरवावी लागते.

वर पांढरपेशे विचारतात, फुकट घर मिळालं, मेंटेनन्स भरायला काय होतं? फुकट? झोपडपट्टी पुनर्वसनात बिल्डर बांधतो ते दानत म्हणून नाय. बदल्यात त्याला विकायला बांधकाम मिळतं, टीडीआर मिळतो. त्याचं सुटलं, आमची लिफ्ट अडकली.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. पूरग्रस्तांत कुणाला सहकारनगरला प्लॉट मिळाला, कुणाला गोखलेनगरला अर्धगोल निसेन हट. पाणी एकच. पण प्लॉट असो की हट, पायाखाली जमीन होती. जमिनीवरचं घर वाढतं, पोरगा मागं एक खोली काढतो. मी सातव्या मजल्यावर काय काढू?

आता आपल्यांबद्दल. कितीतरी जणांनी स्टँपपेपरवर घरं दिली आन परत ओढ्याकडं भाड्यानं गेली. मी त्यांना गद्दार म्हणालो. शेजारची मावशी म्हणाली, "बाळा, माझी धुण्याभांड्याची कामं तिकडं हायेत. बसला जायचा-यायचा खाडा तू भरून देतो का?" मी गप्प. पण १४ एप्रिलच्या डीजेची वर्गणी तीन दिवसांत जमते, आन लिफ्टच्या मीटिंगला सात टाळकी येतात, यावर मी गप्प बसणार नाय.

बाबासाहेब म्हणाले, गाव सोडा. आज्यानं सोडलं. शहरानं आम्हाला उचलून पुन्हा कुसाबाहेर ठेवलं, या वेळी एकावर एक रचून.

मित्रांनो, रविवारी परत मीटिंग आहे. पार्किंगमध्ये, कारण वर चढणार कोण? येताना कागदांची पिशवी आणा. ज्यांनी आपल्याला पात्र ठरवलं त्यांच्या दारात जायचंय. आयला मी पाठीवर घेऊन उतरणार आहे.