इंजिन बंद, चिलिका सुरू

लाँग वीकेंड जवळ आला की ऑफिसच्या ग्रुपवर तीच नावं फिरायला लागतात. लोणावळा, अलिबाग आणि बजेट जमलं तर गोवा. मग हायवेवर तीन तास ट्रॅफिक आणि पोहोचल्यावर शेजारच्या बंगल्यात डीजे. आरामाला गेलेली मंडळी सोमवारी जास्तच दमलेली दिसतात! या हिवाळ्यात चार दिवसांची रजा जुळत असेल, तर जरा लांबचा पत्ता घ्या: ओडिशातलं चिलिका सरोवर.

पावसाळ्यात हे सरोवर ११०० चौरस किलोमीटरपर्यंत पसरतं. म्हणजे अख्ख्या मुंबईपेक्षा मोठं! नद्यांचं गोडं पाणी आणि बंगालच्या उपसागराचं खारं पाणी इथे एकत्र येतं, म्हणून मासे भरपूर आणि माशांमागे पक्षीही. मध्यंतरी समुद्राकडचं मुख गाळानं भरत गेलं आणि पाण्याचा खारेपणा घटला. मासळी रोडावली, पाणवनस्पती माजल्या. सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवं मुख खोदलं, तेव्हा कुठे सरोवर सावरलं.

आता प्रश्न, नक्की जायचं कुठे? बहुतेक टूरवाले नेतात सातपाड्याला, डॉल्फिन बघायला. चिलिकात दीडशेच्या आसपास इरावडी डॉल्फिन आहेत. गोल डोक्याचे, जरा लाजाळू. मोटरबोटीत बसायचं, डॉल्फिन दिसला की बोट त्याच्या मागे, आणि सगळ्यांचे मोबाईल वर. पण बोटीच्या पंख्याचा मार आणि मासेमारीची जाळी, हे या डॉल्फिनचे मोठे शत्रू आहेत. 'भैया, और पास लो ना' असं आपणच म्हणतो. नावाडी तरी काय करणार? गिऱ्हाईक खूश झालं तर त्याचं घर चालणार.

म्हणून निदान एक सकाळ ठेवा मंगलाजोडीसाठी. भुवनेश्वरपासून साधारण ७० किलोमीटरवरचं, सरोवराच्या उत्तर काठावरचं हे गाव. इथे लाकडी, सपाट बुडाच्या होड्या आहेत. नावाडी मागे उभा राहून लांब बांबूनं होडी रेटतो. इंजिन नाहीच. उंच गवतामधल्या पाणवाटेनं होडी सरकते आणि पक्षी उडून न जाता आपलं काम करत राहतात. पाणटिवळे चिखलात चोच खुपसून बसलेले, तलवार बदकांचे थवे, पाणवनस्पतींवरून चालणारे कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब दिसले तर तुमचं नशीब जोरावर!

होडीतला गाईड तुमच्याआधी पक्षी कसा ओळखतो, याला एक इतिहास आहे. हे गाव एकेकाळी पक्ष्यांच्या शिकारीसाठी बदनाम होतं. विष घालून, जाळी लावून पक्षी मारायचे आणि बाजारात विकायचे. २००० च्या सुमारास 'वाइल्ड ओरिसा' या संस्थेनं गावकऱ्यांशी बोलणं सुरू केलं. गावात पक्षी संरक्षण समिती उभी राहिली आणि कालचे शिकारी राखणदार झाले, पुढे गाईडही. पक्षी कुठे उतरतो, कशाला बिचकतो, हे त्यांना आधीच पाठ होतं. आता त्या माहितीचे पैसे पक्षी जिवंत असताना मिळतात. अर्थात, तुम्ही-आम्ही गेलो तरच. जानेवारी २०२१ च्या गणनेत संपूर्ण चिलिकात १२ लाखांहून जास्त पक्षी मोजले गेले.

प्लॅन सोपा आहे. भुवनेश्वरपर्यंत विमान, किंवा वेळ असेल तर मुंबई-पुण्याहून कोणार्क एक्सप्रेस. सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. राहायची सोय साधीच, स्पा वगैरे विसरा. पहाटेची होडी घ्या. दुपारी ताणून द्या आणि संध्याकाळी गावातून धक्क्याकडे जाणाऱ्या बांधावर पायी फिरा. दोन्हीकडे दलदल, मध्ये मनोरा. दुर्बीण नेलीत तर उत्तम. कपडे मातकट रंगाचे, परफ्यूम नको, रिंगटोन बंद.

आणि सातपाड्याला जायचंच असेल, तर जरूर जा. फक्त निघण्यापूर्वीच नावाड्याला सांगा, 'दादा, डॉल्फिन दिसले की लांबच थांबा आणि इंजिन बंद करा. नाही दिसले तरी पैसे पूर्ण देऊ.' एवढं ऐकल्यावर त्याला पाठलाग करायचं कारणच उरत नाही.