डबा फोडला, आता फोडणी द्या

रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी असते. हे पीजीत राहणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं आणि तरीही दर रविवारी रात्री नऊ वाजता आपण सगळे नव्याने चकित होतो. दुपारची फीस्ट केव्हाच जिरलेली असते, महिनाअखेर असते, आणि जानेवारीतल्या थंडीत गंगापूर रोडवर पुन्हा बाहेर पडायचं म्हटलं की गाडीची चावीसुद्धा हाताला गार लागते. मग कुणाच्या तरी कपाटातून बेक्ड बीन्सचा डबा निघतो. आणलेला असतो ‘कधीतरी लागेल’ म्हणून. उघडतो, सगळे एकेक चमचा खातात आणि एकमेकांकडे बघतात. आमच्या खोलीत पहिला चमचा खाऊन एक जण म्हणाला होता, ‘‘अरे, ही तर साखर घातलेली उसळ आहे!’’

माझं म्हणणं एवढंच आहे, की तो बरोबर बोलला होता आणि तिथून पुढे कुणी विचारच केला नाही. उरलेला डबा दोन दिवस खिडकीत पडून राहिला आणि मग कचऱ्यात गेला. दीडशे रुपये. तेवढ्यात मिसळ झाली असती, दोघांची नाही तरी एकाची पोटभर नक्की.

बेक्ड बीन्स या नावावर जाऊ नका. डब्यातल्या या बीन्स भट्टीत भाजलेल्या नसतात. त्या उकळत्या पाण्यातून काढून टोमॅटोच्या रश्शासकट डब्यात भरतात, डबा सील करतात आणि मग बंद डब्यातच दाबाखाली शिजवतात. आपल्या कुकरचंच मोठं भावंड. म्हणूनच त्या महिनोन्महिने टिकतात. टिकवण्याचं काम उष्णता आणि सील करतं. ‘डबाबंद म्हणजे नुसती केमिकलं’ असं सांगणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांना हे सांगून बघा. ऐकणार नाहीत, पण सांगा.

आणि ही बी काही परकी नाही. राजमा, आपला श्रावणघेवडा आणि डब्यातली ही पांढुरकी बारीक बी, सगळी एकाच जातीची पिकं. मूळची अमेरिका खंडातली, पण टोमॅटो आणि मिरचीसुद्धा तिकडचीच, त्यांना आता कोण परकं म्हणतं? साताऱ्याकडे कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला तर भौगोलिक मानांकनही मिळालंय. म्हणजे ही उसळच आहे, फक्त कुणीतरी अर्धवट सोडलेली. फोडणी राहिलीय.

आधी डबा निवडण्याचं बघू, कारण इथेच बहुतेक जण फसतात. आपण समोरचं चित्र बघतो; डबा फिरवून मागचं वाचायला हवं. घटक पदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असा नियम आहे. त्यामुळे बीन्स पहिल्या नंबरवर हव्यात. पाणी पहिलं आणि साखर तिसरी असेल तर तुम्ही गोड सूप विकत घेताय. चांगल्या डब्यात निम्म्याच्या आसपास बीन्स असतात, बऱ्याच डब्यांवर टक्काही छापलेला असतो. त्याखालचा पोषणाचा तक्ता बघा. शंभर ग्रॅममागे साधारण पाच ग्रॅम प्रथिनं मिळतात, ती सगळीकडे थोडीफार सारखीच. फरक असतो तो साखरेत आणि मिठात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसाला सोडियम २,००० मिलीग्रॅमच्या आत ठेवा. शंभर ग्रॅमला ४०० मिलीग्रॅम असेल आणि तुम्ही ४२० ग्रॅमचा डबा एकट्याने रिकामा केलात, तर जवळपास १,७०० तिथेच संपले. वर फरसाण. शाकाहारी असाल तर हिरवा ठिपका बघितल्याशिवाय परदेशी डबा टोपलीत टाकू नका. अमेरिकेत बीन्समध्ये डुकराचं मांस घालायची जुनी पद्धत आहे आणि तसे डबे आजही निघतात.

फुगलेला डबा मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नका. ऑफरच्या ढिगात पोचा आलेले डबे असतात. पोचा जोडावर, कडेवर असेल तर तोही सोडा. फुगलेल्या डब्यात कसले जंतू वाढले असतील ते वास घेऊन कळत नाही आणि ‘उकळून घेऊ, काही होत नाही’ ही इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातली बुद्धी इथे चालवू नका. आणखी एक, बंद डबा तसाच गॅसवर किंवा इंडक्शनवर ठेवायचा नाही. फुटतो. हे मला का माहीत आहे, ते विचारू नका.

आता फोडणी. कढई नसेल तर पातेलं चालेल. दोन चमचे शेंगदाण्याचं तेल चांगलं तापू द्या, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, ठेचलेला लसूण. लसणाच्या चार-पाच पाकळ्या तरी हव्यात, इथे काटकसर नको. मग एक मोठा कांदा. लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे राहून कांदा अर्धाच घालणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्याशी जास्त मैत्री करू नये. कांदा नुसता मऊ करून थांबू नका, कडा तपकिरी होऊ द्या. डब्यातल्या चपट्या गोडव्याला त्या खरपूसपणाचाच आधार मिळतो. त्यावर घरून आणलेला काळा मसाला चमचाभर. मसाला तेलात अर्धा मिनिट परतला, की डबा ओता, त्याच डब्यात पाव डबा पाणी विसळून तेही घाला आणि एक उकळी येऊ द्या. बीन्स आधीच शिजलेल्या आहेत, जास्त उकळलात तर लगदा होईल. चमच्याने थोड्या बीन्स पातेल्याच्या कडेला चिरडल्या की रस्सा दाटतो. मीठ घालायचं नाही, आधी चव बघायची. गॅस बंद केल्यावर अर्धं लिंबू. वर कच्चा कांदा, कोथिंबीर, मूठभर चिवडा, आणि सोबत पाव. स्लाइस ब्रेड नको, तो रश्शात बुडाला की परत येत नाही.

लिंबाबद्दल जरा थांबून बोलतो, कारण सगळी गंमत तिथे आहे. गोड जास्त झालं की आपण तिखट वाढवतो. चूक. तिखटाने गोड मरत नाही, दोघं एकमेकांशी भांडत बसतात. गोडाला आंबट लागतं. म्हणून लिंबू, नाहीतर कैरीच्या लोणच्याचा खार. गॅस नसलेल्या खोल्यांसाठी तर खार हाच खरा उपाय आहे: बीन्स स्टीलच्या डब्यात काढा, तो डबा केटलमधल्या उकळत्या पाण्याने भरलेल्या भांड्यात ठेवून गरम करा, मग खार, बारीक कांदा, ठेचा आणि वरून कच्चं तेल. पाच मिनिटांत काम होतं.

केटलचा विषय निघालाच आहे तर सांगतो: डबा परवडत नाही म्हणून कच्चा राजमा केटलमध्ये शिजवायच्या फंदात पडू नका. कच्च्या राजम्यात असा एक घटक असतो की नीट न शिजलेले थोडेसे दाणेही उलट्या-जुलाब घडवू शकतात. रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, कुकरला किंवा खळखळत्या उकळीवर पूर्ण मऊ शिजवला तरच तो खायचा. कोमट पाण्यात तासन् तास ठेवलेला राजमा म्हणजे सोमवारच्या प्रॅक्टिकलला दांडी.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. आमच्याबरोबर सुरगाण्याकडचा एक मित्र राहायचा. घरून येताना तो नागलीच्या भाकरी आणि सुकी उडदाची डाळ आणायचा. ते तो उशिरा, बाकीचे हेडफोन लावून बसले की खायचा, डब्यावर झाकण अर्धं ठेवून. त्याच खोलीत आम्ही टोस्टवर बेक्ड बीन्स ओतून वरून फोटो काढला होता. फोटोला लाइक आले, बीन्स कुणी संपवल्या नाहीत. तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतं, की एका कडधान्याचा फोटो काढायचा आणि दुसऱ्यावर झाकण ठेवायचं, हे आम्हाला शिकवलं कुणी? टोस्टवरच्या बीन्स हा इंग्लंडमधल्या साध्या घरातला साधा जेवणाचा प्रकार आहे, घाईच्या दिवशीचा, आपल्या पिठलं-भातासारखा. तिथे त्याचा कुणी मिरवायचा पदार्थ करत नाही. इथे कॉलेज रोडच्या कॅफेत तोच पाटीवर खडूने लिहिलेला दिसतो आणि आपण मिसळीच्या दुप्पट पैसे देऊन खातो. द्या हवं तर, तुमचे पैसे आहेत. फक्त काय विकत घेतोय ते माहीत असू द्या.

तुमच्यातले काही जण पुढच्या वर्षी मास्टर्सला इंग्लंडला जातील. तिकडे हाच डबा सगळ्यात स्वस्त जेवणांपैकी एक असतो. माझी मावसबहीण गेली तेव्हा मावशीने बॅगेत पापड-कुरडया कोंबल्या होत्या; कामाला आला तो काळा मसाला. पहिल्या सेमिस्टरला फ्लॅटमधल्या चौघींना तिने फोडणीच्या बीन्स खाऊ घातल्या, आणि नंतर म्हणे दर आठवड्याला फर्माईश व्हायची. ही फोडणी इथेच, रविवारच्या रात्री, फुकट शिकता येते.

एक डबा तिघांना पुरवायचा असेल तर त्यात वाफवलेली मोडाची मटकी घाला. साखर आणि मीठ दोन्ही आपोआप विरळ होतात, आणि पाव किलो मटकी डब्याच्या तिसऱ्या हिश्शातही येत नाही. उरलं तर उघड्या पत्र्याच्या डब्यात ठेवू नका, स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. हे वाचताना शनिवार असेल, तर झोपण्याआधी दोन मुठी मटकी भिजत घाला, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधा. आता थंडी आहे, मोड यायला सोमवार उजाडेल. या रविवारपुरता डबा चालेल.