कुदळ मारण्याआधी घराची मांडणी ठरवा



हंगाम आटोपला, उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की गावोगाव कुदळींचे आवाज सुरू होतात. कुणी जुना सोपा उतरवतो, कुणी माळवद काढून स्लॅब टाकतो, कुणी पुढे पोर्च काढतो. घर सुधारावे यात वावगे काहीच नाही. घामाचा पैसा घरालाच लागायचा. आमची तक्रार वेगळी आहे. लागण करायची म्हटली तर सरी चार फुटी सोडायची की पाच फुटी, बेणे ८६०३२ चे की २६५ चे, पाणी पाटाने की ठिबकने, यावर आपण आठ-आठ दिवस काथ्याकूट करतो. घर हे तर पन्नास वर्षांचे पीक. त्याची मांडणी मात्र गवंड्याच्या तोंडी हिशेबावर सोडून मोकळे होतो!

मग पैसा जातो कुठे? दर्शनी बाजूला. गॅलरीचे कठडे, रंग, कमान, चकचकीत फरशी. मागे स्वयंपाकघर तेच, तसेच अंधारे. न्हाणी परड्यात, संडास त्याच्याही पलीकडे. पावणा वर्षातून दोनदा येतो, त्याच्यासाठी हॉल वीस फुटी. आणि जी बाई दिवसातले आठ तास चुलीपाशी उभी, तिला हात पसरायला जागा नाही. हे उलटे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या बाबतीत दापोली तालुक्यातील मुरुड पाहण्यासारखे आहे. (रायगडातले जंजिऱ्याचे मुरुड ते वेगळे.) कोकणच्या सहलीला जाणारे आपले सभासद समुद्र पाहून परत येतात, त्यांनी गावाची ठेवणही पाहावी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरे आणि घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या. कोकणातल्या जुन्या घराचा क्रम ठरलेला असे. पुढे अंगण, मग ओटी-पडवी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, न्हाणी आणि विहीर. न्हाणीचे पाणी माडाच्या, केळीच्या आळ्यात. थेंब वाया नाही आणि दारात चिखल नाही. आपण मात्र घरात बाथरूम घेतो आणि पाणी सोडतो रस्त्याच्या गटारीत. पाण्याच्या पाळीवरून भांडणारी माणसे आपण, आणि घरचे पाणी डासांना!

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. मुरुड, हर्णै, आंजर्ले, केळशी या पट्ट्यात कौले-पत्रे उडाले, वाड्या आडव्या झाल्या. पुष्कळांना छप्पर नव्याने घालावे लागले. छप्पर उघडे पडले की घर नव्याने मांडण्याची संधी असते, पण घाईत ती हुकते. त्या भागात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. तिथे स्लॅब घातलेल्या घरांवर गळतीपायी पुन्हा पत्र्याची शेड उभी केलेली दिसते. म्हणजे एका घराला दोन छपरांचा खर्च. स्लॅब वाईट असे आम्ही म्हणत नाही. पण शेजाऱ्याने घातला म्हणून आपणही घालायचा, हा विचार नव्हे.

जुने ते सगळे सोने, असेही आमचे म्हणणे नाही. जुन्या घरात ओटी पुरुषांची आणि माजघर बायकांचे. हवा-उजेड ओटीवर, धूर आत. केशवपन झालेल्या विधवेचे आयुष्य चूल आणि विहीर यांच्यामध्येच सरायचे. महर्षी धोंडो केशव कर्वे याच मुरुडचे. १८९३ साली त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुढे १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ उभे केले, १९५८ साली ते भारतरत्न झाले आणि गावाला त्यांचा अभिमान वाटू लागला. आम्ही यातून एवढेच घेतो की, घरात कोणी कुठे बसायचे हे भिंती ठरवतात आणि भिंती माणसे बांधतात. बांधलेले बदलता येते. पडवीची सावली ठेवावी, माजघराचा अंधार घालवावा.

आता कामाचे बोलू.

पहिले म्हणजे, गवंडी बोलावण्याआधी अंगणात फक्कीने खोल्या आखा. घरातल्या बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना त्यातून चालायला लावा. चुलीपासून पाण्यापर्यंत किती पावले, रात्री आजोबांना संडासाला जाताना किती पायऱ्या, हे तिथेच कळते. फक्की पुसायला पैसे लागत नाहीत, भिंत पाडायला लागतात. ओट्याची उंची राबणारीच्या कोपराच्या मापाने धरा, गवंड्याच्या सवयीने नको.

दुसरे, जुन्या मातीच्या भिंतीवर स्लॅबचा बोजा टाकू नका. दोन खोल्यांची एक करायची म्हणून मधली भिंत काढताना वरचे ओझे कशावर येणार, हे जाणकाराला विचारा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, दोन्ही आपल्याच महाराष्ट्रातले. किल्लारीत माणसे मेली ती दगडमातीच्या जड घरांखाली सापडून.

तिसरे, हवा-उजेड. खिडकीसमोर खिडकी हवी. कौलारू घरात दोन-चार काचेची कौले बसवली तरी माजघर उजळते. संडास घराला लागून घ्या, पण त्याचा खड्डा विहीर-बोअरपासून निदान पन्नास फूट लांब ठेवा. न्हाणीचे पाणी परसबागेला द्या, जागा नसेल तर शोषखड्डा करा.

चौथे, खर्चाचा क्रम. बिल हप्त्याने येते, तर कामही टप्प्याने काढा. आधी पाया, भिंती, छप्पर. मग पाणी, संडास, स्वयंपाकघर. कठडे आणि रंग शेवटी. पैसे संपले तर रंग राहील, चूल राहणार नाही. कमानीसाठी सोसायटीचे कर्ज वाढवणे आम्हांस मुळीच मान्य नाही.

कुणी म्हणेल, “बायकांना काय कळतंय नकाशातलं?” आम्ही विचारतो, त्या घरात दिवसभर वावरतं कोण? ज्याच्या शेतात ऊस, त्याला पाण्याची पाळी कळते. तसेच हेही आहे.

यंदा ज्यांच्या घरी काम निघणार आहे, त्यांनी एवढे जरूर करावे. कुदळीला हात घालण्याआधी एक संध्याकाळ घरच्या सगळ्यांसह अंगणात बसावे आणि पहिली रेघ स्वयंपाकघराची ओढावी.