पिंजरा आधीं, पक्षी मागून

अलीकडे आपल्या भागांतील कांहीं हौशी तरुण शेतकऱ्यांच्या मनांत परदेशी पोपट पाळण्याची इच्छा उत्पन्न झालेली दिसते. निळ्या पाठीचा व पिवळ्या पोटाचा मकाव माणसाच्या खांद्यावर बसून बोलतांना त्यांनीं मोबाईलच्या पडद्यावर पाहिलेला असतो, आणि कापसाचे चार पैसे हातीं आले कीं तसाच पक्षी आपल्या पडवींत असावा असें त्यांस वाटूं लागतें. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेल्या माणसाकडे लोक बहुधा फेरफाराच्या नाहीं तर वारसनोंदीच्या कामासाठीं येतात; परंतु गेल्या वर्षदीडवर्षांत दोघांतिघांनीं मकावाच्या कागदांसंबंधानें विचारलें, तेव्हां या विषयाचा थोडा अभ्यास करणें मला भाग पडलें. त्यावरून जें मत बनलें तें मारेगांवसारख्या कापसाच्या मुलुखांत राहणाऱ्या शेतकरीबंधूंपुढें मांडतों. तें असें कीं, पिंजरा आधीं बांधावा, तो एक पुरें वर्ष रिकामा ठेवावा, आणि त्या वर्षानंतरही हौस टिकली तरच पक्ष्याची चौकशी करावी.

प्रथम कायद्याचें पाहूं. आमच्याकडे असा समज रूढ आहे कीं, देशी राघू पाळण्यास कोणाची हरकत नाहीं आणि विदेशी पक्ष्यास मात्र सरकारी बंदी आहे. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाप्रमाणें आपला हिरवा राघू पकडणें, विकणें व पिंजऱ्यांत ठेवणें हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. घरोघरीं ‘मिठू’ टांगलेला दिसतो म्हणून तो कायदेशीर ठरत नाहीं. मकाव मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेचा. तो पाळतां येतो, परंतु सरकारदरबारीं नोंद करून. दुर्मिळ प्राण्यांच्या व्यापारासंबंधानें १९७३ सालीं वॉशिंग्टन येथें जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यांत हिंदुस्थान १९७६ मध्यें सामील झाला. त्या करारांतील प्राण्यांसाठीं आपल्या अधिनियमांत २०२२ च्या दुरुस्तीनें स्वतंत्र चौथी अनुसूची घातली गेली. ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली, आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं नोंदणीचे नियमही निघाले. ही नोंद ‘परिवेश’ नांवाच्या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर करावयाची असते, आणि तिचा अधिकारी म्हणजे राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक. त्यांची कचेरी नागपुरास आहे. पक्षी दुसऱ्यास दिला, त्यास पिल्लें झालीं, अगर तो मेला, तरी त्याची खबर द्यावी लागते.

विकणारे दलाल मात्र सांगतात कीं, “हा इथलाच जन्मलेला आहे, याला कागद लागत नाहीं.” हें सर्वस्वी खोटें आहे. कोणी २०२० च्या सवलतीचाही दाखला देतात. त्या सालच्या जूनमध्यें सरकारनें सहा महिन्यांची मुदत देऊन, जे आपणहून विदेशी प्राण्यांची माहिती देतील त्यांस कागद विचारले जाणार नाहींत, असें जाहीर केलें होतें खरें. पण ती मुदत केव्हांच सरली. सातबारा पाहिल्यावांचून आपण कोणाचें वावर घेत नाहीं. मग लाखाच्या घरांत किंमत असलेला पक्षी नुसत्या तोंडच्या बोलीवर घेणें हें कसलें शहाणपण? विकणाऱ्याच्या नांवची नोंद आधीं पाहावी, हस्तांतर कसें होणार तें विचारावें, आणि तो टाळाटाळ करूं लागल्यास तेथून उठावें. तांबडा मकाव किंवा जांभळट निळा मोठा मकाव कोणी दाखवूं लागला तर अधिकच सावध असावें. त्या जाती करारांतील पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टांत आहेत. निळापिवळा दुसऱ्यांत आहे.

आतां घराकडे वळूं. हा पक्षी चोचीपासून शेपटीच्या टोंकापर्यंत पावणेतीन फुटांच्या आसपास, वजनानें किलोभर, आणि पंख पसरले कीं तीन फुटांहून अधिक. ताडाच्या जातीच्या झाडांचीं टणक फळें फोडून खाणारी त्याची चोच आहे. बाजारांत मिळणारा घुमटाचा पिंजरा हें त्याचें घर नव्हे, ती कोठडी. निदान पंधरा ते वीस फूट लांब, सात-आठ फूट रुंद आणि तितकाच उंच असा पिंजरा हवा, म्हणजे त्यास चार वेळां पंख मारून पलीकडे जातां येईल. लांबी महत्त्वाची, उंच पण आखूड पिंजरा निरुपयोगी, कारण पक्षी आडवा उडतो.

कोंबड्यांची षट्कोनी जाळी येथें चालत नाहीं. मकाव ती एका दुपारीं तोडून बाहेर येईल. दहा-बारा गेजची जाड, वेल्ड केलेली जाळी घ्यावी. पोलादाची न गंजणारी जाळी सर्वोत्तम, परंतु ती फार महाग पडते; म्हणून बहुतेक लोक जस्ताच्या मुलाम्याची घेतात. नव्या जाळीवर जस्ताचे बारीक थेंब व खवले राहिलेले असतात, आणि हा पक्षी दिवसभर जाळी चावतो, त्यामुळें तें जस्त त्याच्या पोटांत जाऊन विषबाधा होते. अशी जाळी व्हिनेगर लावून ब्रशनें घासावी, धुवावी आणि कांहीं महिने ऊनपावसांत राहूं द्यावी. पिंजरा वर्षभर रिकामा ठेवावा असें मीं म्हटलें, त्याचें एक कारण हें. जमिनींत दीड-दोन फूट खोल काँक्रीटचा पाया भरावा. नाहींतर घूस व मुंगूस खालून पोखरतात आणि त्यांच्या बिळांतून साप येतो. दार एकामागें एक असें दुहेरी करावें. बसावयास कडुनिंबाच्या, पेरूच्या, आंब्याच्या जाडबारीक फांद्या बांधाव्या. त्या तो कुरतडून टाकील. तें त्याचें कामच आहे, त्याबद्दल रागावूं नये. पऱ्हाटीच्या काड्या मात्र आंत जाऊं देऊं नयेत, त्यांस मोसमभर औषध बसलेलें असतें.

छपराविषयीं आमच्या लोकांस सांगण्याची गरज पडूं नये, पण पडते. मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. उघड्या टिनाखालीं त्या वेळीं बैलही उभा राहत नाहीं. टिनावर गवताचा जाड थर द्यावा, पश्चिमेस कडुनिंबाची सावली असावी, दुपारीं वाळ्याचीं ताटें भिजवावींत. विजेच्या पंख्यावर भरंवसा ठेवूं नये. वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो.

परंतु या सगळ्याहून मोठी गोष्ट फवारणीची आहे, आणि तिच्यासाठींच मी लेखणी हातीं घेतली. २०१७ च्या पावसाळ्यांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर औषध मारतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेंकडों लोक दवाखान्यांत पडले. पऱ्हाटी डोक्याइतकी उंच वाढलेली, हवा कोंदलेली, आणि दोन-तीन औषधें एकत्र कालवून मारलेलीं. त्या दिवसांची आठवण या तालुक्यांत अजून ताजी आहे. धडधाकट माणसाची ज्या हवेंत ही गत झाली, तेथें किलोभर वजनाच्या पक्ष्याचें काय होईल? पक्ष्याची श्वासाची रचनाच निराळी आहे. त्याच्या फुप्फुसांस हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, त्यांच्या योगें हवा फुप्फुसांतून एकाच दिशेनें सतत वाहते, आणि आपल्यापेक्षां कितीतरी अधिक प्राणवायु तो खेंचून घेतो. त्याच रीतीनें विषही अधिक व लवकर खेंचतो. शेजारच्या वणी भागांत कोळशाच्या खाणी आहेत, म्हणून सांगतों कीं, इंग्लंडांतील खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी यासाठीं खाणकामगार पिवळे कॅनरी पक्षी बरोबर नेत असत. ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती. माणसास कांहीं कळण्यापूर्वीं पक्षी कोलमडत असे.

म्हणून ज्याचें घर वावरांतच आहे, किंवा ज्याच्या कुंपणास लागून दुसऱ्याची पऱ्हाटी आहे, त्यानें मकाव पाळूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. आपण स्वतः फवारलें नाहीं तरी वारा शेजाऱ्याची परवानगी घेत नाहीं. गांवांत घर असलें तरी त्याच घरांत औषधांचे डबे ठेवणें, अंगणांत पंप धुणें, फवारणीच्या कपड्यांनिशीं पिंजऱ्यांत शिरणें, हें सर्व बंद करतां येत असेल तरच पुढचा विचार. घरांतही धोके आहेत. चुलीचा धूर, मिरचीच्या फोडणीचा खाट, डास घालविण्याची वडी हीं सर्व त्यास बाधक आहेत. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या लेपांतून निघणाऱ्या वायूनें पोपट घटकाभरांत मेल्याचीं उदाहरणें देशोदेशीं नमूद आहेत.

खाण्याचें थोडक्यांत सांगतों. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवल्यास पक्षी लठ्ठ होऊन यकृताच्या रोगानें मरतो. मोड आलेली मटकी व हरभरा, ज्वारीचें कणीस, पपई, पेरू, डाळिंब, गाजर, शेवग्याचा पाला असें मिश्र खाणें द्यावें. भुईमुगाच्या शेंगांस बुरशी असतां कामा नये. चहा, चॉकलेट, मीठ घातलेले पदार्थ आणि अव्होकॅडो हें फळ पूर्ण वर्ज्य. भाजीपाला परसांतच औषधावांचून पिकवावा. ज्या पिल्लास अजून हातानें भरवावें लागतें तें, दलाल कितीही सांगो, नवशिक्यानें घेऊं नये.

ज्यांच्या घरीं कोंबड्या आहेत त्यांनीं दोन्ही जागा दूर ठेवाव्या. मानमोडीनें कोंबड्यांचे खुराडे कसे रिकामे होतात तें सर्वांस ठाऊक आहे, आणि परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा गांवीं जानेवारी २०२१ मध्यें बर्ड फ्लूनें शेंकडों कोंबड्या मेल्याचें वृत्तही वाचकांच्या स्मरणांत असेल. पक्षी आजारी पडलाच तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांतील मंडळींचा हात बैल, गाई, शेळ्या यांवर बसलेला. त्यांना दोष नाहीं. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जावें लागेल, आणि आजारी पक्षी एवढा प्रवास सोसतोच असें नाहीं.

शेवटीं वारसाचा प्रश्न. मकाव पिंजऱ्यांत पन्नास वर्षें, कधीं त्याहूनही अधिक जगतो. चाळीस वर्षांच्या माणसानें आज पिल्लू घेतलें तर तें बहुधा त्याच्या मागें उरणार. मीं नोकरींत असतां भावाभावांचीं भांडणें बांधाच्या हातभर जमिनीवरून पाहिलीं. म्हाताऱ्या बैलासाठीं मात्र कोणी हक्क सांगत आल्याचें स्मरत नाहीं. पक्षी कोणाकडे जाईल, हें त्या माणसास विचारून, त्याची कबुली घेऊन लिहून ठेवावें. रानांत सोडून देणें हा मार्गच नव्हे. पळस-सागाच्या आमच्या रानांत हा अमेरिकेचा पक्षी उपाशी मरेल. शिवाय तो कळपांत राहणारा प्राणी आहे. जूनपासून कापूस घरीं येईपर्यंत घरचीं सर्व माणसें सूर्योदयापासून वावरांत असतील, तर एकटा पडलेला मकाव ओरडून आळी डोक्यावर घेतो, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर स्वतःचींच पिसें उपटूं लागतो.

एवढें वाचूनही ज्याची हौस कायम असेल त्यानें दिवाळीनंतर हात मोकळे झाले कीं पिंजरा उभारावा. पुढच्या मे महिन्यांत भर दुपारीं आंत उष्णतामापक टांगून आंकडा लिहून ठेवावा, आणि स्वतः तासभर आंत बसून पाहावें. पावसाळ्यांत छपराखालीं ओल येते कां तें पाहावें. ऑगस्ट-सप्टेंबरांत शेजारीं फवारणी चालली असतां रोज संध्याकाळीं आंत उभें राहून औषधाचा वास येतो कां याची तारीखवार नोंद करावी. वास एकदांही आला तर त्या पिंजऱ्यावर वालाचा वेल चढवावा. शेंगा चांगल्या लागतील. न आला तर विकणाऱ्यास पत्र घालून त्याच्या नोंदणीची नक्कल मागवावी.