तक्रारीची आवक जोरात, उत्तराची जावक कुठं?

मंडळी, आजचा विषय थोडा रुक्ष आहे. राजकारण नाही, धानाचा बोनस नाही, रस्त्यातले खड्डेही नाहीत. तक्रार नोंदवायच्या सॉफ्टवेअरमधून बाहेर जाणाऱ्या ई-मेलबद्दल लिहितोय. कंटाळा आला तरी शेवटपर्यंत वाचा, कारण यात तुमच्या अपिलाची मुदत अडकलेली आहे.

कचेरीत ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना बारनिशीचं टेबल माहीत आहे. टपाल आलं की आवक नोंदवहीत क्रमांक, तारीख, शिक्का. उत्तर गेलं की जावक क्रमांक. साहेबांनी सही केली म्हणून उत्तर दिलं असं होत नाही. जावक क्रमांक पडला, टपालात गेलं, पोचपावती परत आली, तेव्हा कुठं ते उत्तर. माहिती अधिकारात भल्याभल्यांची पंचाईत याच जावक नोंदवहीने केलेली आहे.

2015 साली राज्याचं 'आपले सरकार' आलं, त्याच वर्षी लोकसेवा हक्क अधिनियमही आला. नंतर पाहता पाहता लहानमोठ्या संस्था, बँका, कॉलेजं, पतसंस्था, सगळ्यांकडे 'ऑनलाइन तक्रार निवारण' सुरू झालं. संगणकवाले त्याला हेल्पडेस्क म्हणतात. तक्रार आली की तिला टिकट नंबर पडतो, ती एखाद्या कर्मचाऱ्याच्या नावावर जाते, तो उत्तर लिहितो, टिकट बंद होतं. ओएसटिकट, झॅमॅड, फ्रीस्काउट अशी फुकट मिळणारी चांगली सॉफ्टवेअरही आहेत. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, मी स्वतः त्यावरच काम करतो.

भानगड होते ती बसवताना. तक्रारीचा फॉर्म सगळे पाहतात. त्यावर बोधचिन्ह येतं, साहेबांचा फोटो येतो, उद्घाटन होतं, पेपरात बातमी येते. सेटिंगमधलं 'आउटगोइंग मेल'चं पान मात्र कोणी उघडतही नाही. सॉफ्टवेअर आलं तेव्हा जसं होतं तसंच. म्हणजे आवक सुरू आणि जावक देवाच्या भरवशावर.

गेल्या वर्षी जिल्ह्यातल्या एका संस्थेची अशी व्यवस्था तपासायला मला बोलावलं होतं. नाव सांगत नाही, कारण हा एकट्या त्यांचा प्रश्न नाही आणि निदान त्यांनी तपासायला तरी बोलावलं. तिथे लाखांदूरकडच्या एका कास्तकार काकांची तक्रार बंद झालेली दिसली. शेरा होता, 'अर्जदाराकडून प्रतिसाद नाही.' काका तर महिन्यात दोनदा येऊन विचारून गेले होते! मग फाइल उघडली. संस्थेने ई-मेलने कळवलं होतं की सातबाऱ्याची प्रत 15 दिवसांत द्या, नाहीतर तक्रार निकाली काढण्यात येईल. तक्रार पुण्यातल्या पोराने ऑनलाइन भरून दिली होती, ई-मेल त्याचाच. त्याला असं काही पत्र दिसलंच नव्हतं. संगणकावर मात्र हिरव्या अक्षरात 'पाठवले'. ऑपरेटर म्हणाला, "सर, आम्ही तर पाठवलं, आता त्याने नाही वाचलं त्याला आम्ही काय करणार?" त्याचंही खोटं नव्हतं.

झालं काय होतं, ते सांगतो. संस्थेचा ई-मेल जीमेलचा. सॉफ्टवेअर होतं एका स्वस्त होस्टिंगच्या सर्व्हरवर. तो सर्व्हर स्वतःच पत्र टाकायचा आणि 'प्रेषक' म्हणून संस्थेचा जीमेल पत्ता लिहायचा. आता विचार करा, तुमसरच्या डाकघरात टाकलेल्या पाकिटावर 'मुंबई जीपीओ'चा शिक्का असेल तर पोस्टमन काय म्हणेल? गुगललाही तसंच वाटतं. आमच्या नावाने हे पत्र भलताच कोणी टाकतोय, टाका स्पॅममध्ये. गुगलने 2024 च्या फेब्रुवारीपासून हे नियम आणखी कडक केले. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं की जीमेलचा पत्ता लावून बाहेरून पत्र पाठवू नका, आम्ही ते संशयित धरू. आणि जीमेलच्या स्पॅममध्ये पडलेलं पत्र 30 दिवसांनी आपोआप पुसलं जातं. हा 30 चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काही पत्रं तर स्पॅममध्येही गेली नाहीत, दारातूनच परत आली. परत आलेल्या पत्राचा निरोप कुठे जातो? तो सर्व्हरवरच्या अशा एका खात्यात साचत होता, जे खातं आहे हेच संस्थेत कोणाला ठाऊक नव्हतं. टपालात 'मालक मिळाला नाही' असा शेरा मारून पाकीट परत येतं, ते बारनिशीवाला फाइलला लावतो. इथे तशी पाकिटं महिनोन्महिने एका बंद खोलीत पडत होती.

याचा इलाज काही रॉकेट सायन्स नाही. संस्थेचं स्वतःचं डोमेन पाहिजे आणि त्या डोमेनच्या डीएनएसमध्ये तीन नोंदी पाहिजेत. पहिली एसपीएफ, म्हणजे आमच्या नावाने पत्र टाकायचा अधिकार कोणकोणत्या सर्व्हरला आहे त्याची यादी. दुसरी डीकिम, म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहर, वाटेत कोणी फोडलं नाही याची खूण. तिसरी डीमार्क, म्हणजे यादीत नाव नसेल किंवा मोहर जुळत नसेल तर त्या पत्राचं काय करायचं याची सूचना. गुगलचा आजचा नियम असा आहे की दिवसाला 5,000 च्या वर पत्रं जीमेलवर पाठवणाऱ्याकडे तिन्ही पाहिजेत आणि त्याहून कमी पाठवणाऱ्याकडे पहिल्या दोनपैकी निदान एक. मग सॉफ्टवेअरमध्ये मेल सर्व्हरचं नाव, पोर्ट 587, वापरकर्ता, पासवर्ड भरायचा. पोर्ट 25 च्या नादी लागू नका, अनेक क्लाउड कंपन्या तो बंदच ठेवतात. सगळं मिळून जाणत्या माणसाचं एका दुपारचं काम.

तरी होत नाही. काहून? कारण डोमेन एकाच्या ताब्यात, सर्व्हर दुसऱ्याच्या, सॉफ्टवेअर नागपूरच्या तिसऱ्याच कंत्राटदाराचं. डीएनएसमध्ये एक ओळ घालायची तर पहिल्याला पत्र लिहावं लागतं, आणि ते पत्र कोणी लिहायचं यावर चार महिने जातात. मग शॉर्टकट म्हणून जीमेलचंच खातं सॉफ्टवेअरला जोडतात. ते चालतंही काही दिवस. पण फुकटच्या जीमेलवरून दिवसाला 500 च्या वर पत्रं जात नाहीत. शिवाय 30 मे 2022 पासून साधा पासवर्ड देऊन बाहेरचं सॉफ्टवेअर जीमेलला जोडता येत नाही. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून वेगळा अॅप पासवर्ड काढावा लागतो. ती पडताळणी कोणाच्या मोबाईलवर? कंत्राटी ऑपरेटरच्या. 31 मार्चला त्याचं कंत्राट संपतं, भाऊ सिमकार्डासकट घरी. पुढे कोणी पासवर्ड बदलला की अॅप पासवर्ड रद्द होतो, जावक बंद पडते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. कारण तक्रारी येणं सुरूच असतं!

मोबाईलवरच्या संदेशाचंही वेगळं नाही. 8 मार्च 2021 आठवतो? ट्रायच्या नियमाप्रमाणे कंपन्यांनी नोंदणी नसलेले संदेश अडवायला सुरुवात केली आणि देशभर लोकांचे ओटीपी अडकले. शेवटी ती अंमलबजावणी आठवडाभर थांबवावी लागली. तेव्हा बोंब झाली कारण बँकेचे पैसे अडले. तक्रारीचं उत्तर अडलं तर बोंब होत नाही, कारण ज्याला मिळालं नाही त्याला ते निघालं होतं हेच माहीत नसतं.

"आपल्या भंडाऱ्यात ई-मेल वाचतो कोण, आमच्या लोकांना फोन लावलेला बरा," असं मला एका अधिकाऱ्याने ऐकवलं. फोन लावा ना, नाही कोण म्हणतो. पण फोनवर कारण लेखी मिळत नाही. दाखला नाकारला तर तो का नाकारला, कोणी नाकारला, कोणत्या तारखेला, हे कागदावर नसेल तर अपील कशाच्या आधारावर करायचं? लोकसेवा हक्क कायद्यात अर्जाची पोच लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने द्यायची आहे, त्यात अर्ज क्रमांक आणि सेवा किती दिवसांत मिळेल तेही पाहिजे. नकार मिळाला किंवा मुदत उलटली की पहिलं अपील 30 दिवसांत. माहिती अधिकारातही पहिलं अपील 30 दिवसांतच. आणि स्पॅममधलं पत्र किती दिवसांनी पुसलं जातं म्हणालो मी?

दुसरी बाजूही खरी आहे. आपल्याकडे निम्मा घोळ पत्त्याचाच. सेवा केंद्रात अर्ज भरताना लोकांकडे ई-मेल नसतो, मग केंद्रवाला आपलाच टाकतो. एकाच पत्त्यावर पवनीपासून मोहाडीपर्यंतच्या लोकांची उत्तरं जाऊन पडतात. त्याने ती कधी वाचायची आणि कोणाला सांगायची? त्याला दोष देत नाही, फॉर्म त्या रकान्याशिवाय पुढेच जात नसेल तर तो तरी काय करेल. फॉर्म बनवणाऱ्याने 'ई-मेल नाही, टपालाने पाठवा' असा पर्याय ठेवला असता तर प्रश्न मिटला असता.

माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चं कलम 13 वाचून पाहा. वेगळं काही ठरलेलं नसेल तर, तुम्ही जो पत्ता नेमून दिला त्याच्या संगणकव्यवस्थेत निरोप शिरला की तो मिळाला असं धरलं जातं. तिथे इनबॉक्स आणि स्पॅम असा फरक केलेला नाही. उद्या कोणी म्हणेल, तुम्हाला कळवलं होतं, तुमची मुदत गेली. त्या काकांच्या बाबतीत हेच व्हायला आलं होतं. संस्थेने नंतर टिकट पुन्हा उघडलं, सातबारा घेतला, काम झालं. पण ते झालं कारण कोणीतरी त्या बंद खोलीचं दार उघडून पाहिलं. बाकीच्या 'प्रतिसाद नाही'वाल्यांचं काय? त्यांचीही टिकटं उघडा असं मी लेखी दिलं आहे. अजून उत्तर नाही (ते ई-मेलने पाठवलं असेल तर मात्र माझी बोलती बंद!).

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते, तर 'निकाली' या आकड्याची. आढावा बैठकीत पडद्यावर येतं की इतक्या तक्रारी प्राप्त, इतक्या निकाली. त्याच पडद्यावर तिसरा आकडा का नको, उत्तरं किती पोहोचली आणि किती परत आली? सर्व्हरच्या नोंदीत तो असतो. प्रत्येक पत्र समोरच्या सर्व्हरने स्वीकारलं की नाकारलं, कारणासकट लिहिलेलं असतं. फक्त कोणीतरी तो मागायला पाहिजे.

म्हणून जिल्हा प्रशासनाला एक निवेदन द्यायचं ठरवलंय. मागण्या भव्यदिव्य नाहीत. यापुढे कोणत्याही तक्रार प्रणालीच्या कार्यारंभ आदेशात जावक मेलचं काम वेगळं लिहावं, आणि जीमेल, याहू, आउटलुक या तिन्हींवर चाचणीची पत्रं इनबॉक्समध्ये पोहोचल्याचं दाखवल्याशिवाय कंत्राटदाराचं शेवटचं बिल काढू नये. परत आलेली पत्रं रोज पाहायला बारनिशीतल्याच एका लिपिकाला नेमावं, कारण हे काम त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. पत्र परत आलं तर टिकट बंद करू नये, टपालाने पाठवावं. 'नो-रिप्लाय' नावाच्या पत्त्यावरून तर उत्तर पाठवूच नये. नागरिकाला परत काही विचारायचं असेल तर त्याने कोणाला विचारायचं? आणि विषयाची ओळ मराठीत असावी, तीही नीट. प्रश्नचिन्हांची रांग आलेलं पत्र मी स्वतः पाहिलेलं आहे. आमच्या काकांच्या पोराने तसलं पत्र पाहिलं असतं तरी ते फ्रॉड समजून पुसून टाकलं असतं.

तोवर तुम्ही एवढं करा. कुठेही ऑनलाइन तक्रार केली असेल तर आजच स्पॅमचा फोल्डर उघडून पाहा, सेवा केंद्रात अर्ज भरला असेल तर कोणाचा ई-मेल टाकला ते विचारून या. निवेदनाचा मसुदा तयार आहे, साकोली-लाखनीकडच्या दोघाचौघांनी सही करतो म्हणून सांगितलं आहे. अजून ज्यांना करायची असेल त्यांनी मला कळवा. ई-मेलने कळवलं तरी चालेल, पण मागोमाग एक फोनही करा.