हिमालयात पाठवताय? मग आधी मुलाला 'मला बरं वाटत नाही' म्हणायला शिकवा



परीक्षा संपत आल्या की शाळेच्या फाटकाशी एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, मोठ्याला यंदा सुट्टीत हिमालयात ट्रेकला पाठवतोय, काय तयारी करू?" बूट, जॅकेट, कानटोपी यांची यादी त्यांच्याकडे असतेच. माझ्या मते त्या यादीत सगळ्यात वर एक गोष्ट हवी : आपल्याला त्रास होतोय हे मुलाला वेळेवर सांगता आलं पाहिजे.

का ते सांगते. आपलं कळसूबाई राज्यातलं सर्वांत उंच शिखर, त्याची उंची १६४६ मीटर. उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक ज्या सांकरी गावातून सुरू होतो, ते गावच १९०० मीटरच्या वर आहे आणि शिखर सुमारे ३८०० मीटरवर. म्हणजे आपली चढण जिथे संपते, त्याच्याही वरून तिथली सुरू होते! सह्याद्रीत पाय दमतात. तिथे प्रश्न श्वासाचा असतो. हवेत ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब कमी झाल्यामुळे प्रत्येक श्वासाला तो कमी मिळतो.

साधारण २५०० मीटरच्या पुढे डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, चक्कर, झोप न येणं असा त्रास होऊ शकतो. तो कुणालाही होतो. रोज मैदानावर धावणाऱ्या मुलालाही होतो. उपाय एकच, शरीराला वेळ देणं. ३००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. त्रास सुरू झाला तर आणखी वर जायचं नाही आणि वाढला तर खाली उतरायचं. तोल जाणं, असंबद्ध बोलणं, बसल्या जागी धाप लागणं ही धोक्याची लक्षणं. मग सकाळची वाट पाहायची नाही.

हे सगळं वाचून गेले होते, तरी मी चुकले. केदारकंठ्याला शिखराच्या आदल्या संध्याकाळीच माझं डोकं ठणकत होतं, जेवणाचा वासही नको वाटत होता. पण बरोबर सगळे सहकारी. "बाई घाबरल्या" म्हणतील म्हणून गप्प राहिले. पहाटे चढताना उलटी झाली. गाईडने विचारलं, कधीपासून त्रास होतोय? मी म्हटलं, आत्ताच. चक्क खोटं बोलले! त्याने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा खरं सांगितलं. त्याने मदतनिसाबरोबर मला खाली पाठवलं. दुपारी मी डाळभात जेवत होते. शिखर राहिलं, याची मात्र कितीतरी दिवस लाज वाटत होती.

पुढे एकदा माझ्या वर्गात तिसरीतली एक मुलगी तापाने फणफणलेली दिसली. घरी का राहिली नाहीस विचारलं, तर म्हणाली, "बाई, हजेरीचं बक्षीस जाईल ना." ते बक्षीस मीच जाहीर केलं होतं. तेव्हा लक्षात आलं, त्रास लपवायला मुलांना आपणच शिकवतो. "रडू नकोस", "एवढ्याने काय होतं", "बाकीचे बघ कसे चालतायत" हे आपलेच शब्द. तीच सवय घेऊन मूल डोंगरावर जातं.

ते बक्षीस मी बंद केलं. पालकांना आता एवढंच सांगते. आयोजकांना विचारा, पहिला मुक्काम किती उंचीवर आहे आणि एखाद्या मुलाला खाली उतरावं लागलं तर त्याच्यासोबत कोण येईल? उत्तर गोलमोल आलं तर पाठवू नका. आणि निघताना मुलाला तुमच्या तोंडून ऐकू द्या, "शिखर राहिलं तरी चालेल, डोकं दुखलं तर लगेच सांग." परत आल्यावरही पहिला प्रश्न 'वरपर्यंत गेलास का?' हा नको.