मुक्काम पोस्ट : परकं गाव

मागच्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजचं एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर अनसिंगला झालं. योगायोग असा, की अनसिंग हे माझंच गाव. वाशिमहून पुसदच्या रस्त्याला वीसेक किलोमीटर. शृंगऋषींच्या देवळामुळे आसपासच्या गावांना ठाऊक असलेलं. मित्रांना आपलं गाव दाखवायला मिळणार म्हणून मी तर भलताच खूश होतो.

सात दिवस आम्ही काय केलं? प्रभातफेरी काढली, व्यसनमुक्तीवर पथनाट्य केलं आणि हापशीजवळ साचणाऱ्या सांडपाण्यासाठी शोषखड्डा खणला. दगड, विटांचे तुकडे, वाळू, सगळं अगदी पुस्तकात दिल्याप्रमाणे भरलं. खड्ड्याभोवती उभं राहून ग्रुप फोटो काढला. निघताना माझी आजी निरोप द्यायला बसपाशी आली होती. तिने सहज विचारलं, "आता कवा येसान?" सगळे एकमेकांकडे पाहू लागले. बस सुटल्यावर मागच्या सीटवरून एक मित्र हसत म्हणाला, "कवा येसान म्हणजे काय? आपण काय मिशनरी आहोत का, इथेच राहायला?"

सगळे हसले. मीपण हसलो. पण मित्रांनो, ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

कारण ‘मिशनरी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. पांढरा झगा, हातात बायबल आणि गोरगरिबांना फसवून बाटवणारा गोरा माणूस. नाहीतर मग दुसऱ्या टोकाचं, मदर तेरेसांचं. पण तिकडून निघताना ही माणसं नेमकी किती वर्षांची होती, सकाळी उठून करायची काय, याचा विचार मी तरी कधी केला नव्हता. शिबिरानंतर थोडं वाचलं आणि पहिलाच धक्का बसला. ही तर आपल्या वयाची पोरं होती!

हॅरिएट न्यूएल हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. १८१२ च्या फेब्रुवारीत नवऱ्याबरोबर ती अमेरिकेहून जहाजात बसली, तेव्हा अठरा वर्षांची होती. कलकत्त्याला पोचल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना राहूच दिलं नाही. कंपनीला व्यापारात धर्माची कटकट नको होती. तिथून मॉरिशस. वाटेत जन्मलेलं बाळ गेलं आणि मॉरिशसला तीही गेली. वय वर्षं एकोणीस. आपल्याकडे या वयात एम-थ्रीचा बॅकलॉग राहिला तरी जग बुडाल्यासारखं वाटतं.

त्याच तुकडीतला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईला पोचला, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. मराठी शिकणं हे त्याचं पहिलं काम. आज आपण ‘लर्न स्पॅनिश इन थर्टी डेज’ म्हणतो तसं नव्हे. पंडितापुढे बसून बाराखडीपासून. मग बाजारात, देवळाबाहेर उभं राहून त्या मोडक्यातोडक्या भाषेत बोलायचं, लोकांची टिंगल ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. मराठी नवा करार त्यांच्या मिशनने १८२६ मध्ये छापून पुरा केला. त्याच वर्षी हॉल त्र्यंबकच्या बाजूला फिरतीवर असताना पटकीने गेला. वय एक्केचाळीस. हॅरिएटचा नवरा सॅम्युएल तर त्याच्याआधीच, १८२१ मध्ये, पटकीनेच गेला होता.

ही झाली मुंबई-नाशिककडची गोष्ट. पण आपल्या वाशिमला काय कमी आहे? १९३६ साली ऑर्फा स्पायकर नावाची एक तरुण अमेरिकन डॉक्टर भारतात आली आणि वाशिमला येऊन राहिली. तेव्हाचं वाशिम म्हणजे ‘बासिम’, अकोला जिल्ह्यातलं. जिल्हा व्हायला अजून बासष्ट वर्षं होती. चर्च ऑफ द नाझरीनच्या मिशनने तिथे १९३८ मध्ये रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं, ते तिच्या हातून. डॉ. स्पायकर जवळपास चाळीस वर्षं या कामात राहिल्या.

चाळीस वर्षं! चाळीस उन्हाळे म्हणा ना. आपल्याकडचा मे महिना काय असतो ते मी वेगळं सांगायला नको. आपण कूलर लावूनही तळमळतो.

अशा तरुण मिशनऱ्याचा दिवस कसा जायचा? पहिली एकदोन वर्षं तर बहुतेक विद्यार्थीदशाच. सकाळी प्रार्थना, मग पंडिताकडे मराठीचा अभ्यास. बहुतेक मिशनांत भाषेच्या परीक्षा असत आणि त्या दिल्याशिवाय स्वतंत्र जबाबदारी मिळत नसे. म्हणजे कामाआधी भाषा, ही अटच. हिवाळ्यात बैलगाडी नाहीतर मोटार घेऊन खेडोपाडी तंबू टाकायचे. पावसाळ्यात रस्ते बंद, की मुक्कामाच्या गावीच शाळा नाहीतर दवाखाना बघायचा. घरचं पत्र बोटीने यायचं, त्याला आठवडेच्या आठवडे लागायचे. आई आजारी असल्याचं पत्र हातात पडेपर्यंत ती बरी झालेली असायची, नाहीतर गेलेली. घरी जायची रजा कित्येक वर्षांतून एकदा. आपल्याला हॉस्टेलवर चार तास रेंज गेली तरी कसंतरी होतं.

आता आजीची गोष्ट. माझ्या बाबांचा जन्म १९६८ चा. आजीचं पहिलं बाळंतपण, दोन दिवस झाले तरी सुटका होईना, म्हणून तिला बैलगाडीत घालून अनसिंगहून वाशिमला ‘मिशनच्या दवाखान्यात’ नेलं. तिथली गोरी बाई कोण होती, डॉक्टर की नर्स, आजीला नाव माहीत नाही. आजी सांगते, "थे बाई मले म्हणे, घाबरू नोको माय, जोर लाव. मी म्हणलं, ही तं आपल्यासारखीच बोलते!" मग रात्री ती बाई खाटेपाशी हात जोडून काहीतरी पुटपुटली. आजीला कळलं, की ही तिच्या देवाचं नाव घेते आहे. "म्या बी मंग शृंगऋषीचं नाव घेतलं. म्हणलं, कोन्ता का देव असंना, एक तं पावन."

आजी ख्रिस्ती झाली नाही. तिला कुणी तसं म्हटल्याचंही तिला आठवत नाही. तिला आठवतं ते हे, की पाच हजार कोसांवरून आलेली बाई तिच्याशी तिच्या बोलीत बोलली.

इथे काही मित्र म्हणतील, की झालं, हा आता मिशनऱ्यांची आरती ओवाळणार. तसं मुळीच नाही. माझा आक्षेप आहे आणि तो स्पष्ट सांगतो. आजारी, भुकेला, अडलेला माणूस समोर असताना त्याला आपला देव देऊ करणं यात एक असमानता आहेच. त्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक कितपत असते? ही शंका आजची नाही. वाशिम जेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होतं तेव्हा त्या सरकारने १९५४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर समिती नेमली होती. तिचा १९५६ चा अहवाल मिशनऱ्यांवर कडक टीका करणारा होता. त्या अहवालावरही पुष्कळ वाद झाला. शिवाय हे लोक आले तेच ‘हा देश अंधारात आहे’ असं ठरवून. ज्ञानोबा-तुकोबांच्या मुलखाला अंधारात म्हणायचं म्हणजे कमालच!

पण टीका करून मोकळं झाल्यावर एक प्रश्न उरतो. ती जागा रिकामी का होती? अडलेल्या बाईला अनसिंगहून वाशिमला नेल्यावर तिथे परदेशातून आलेली बाई का असावी लागली? अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवणारी सिंथिया फरार ही १८२७ मध्ये अमेरिकेहून एकटी आलेली, लग्न न केलेली बाई. तिच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली आणि १८४८ मध्ये पुण्यात शाळा निघाली. म्हणजे जोतीरावांनी तिचा धर्म घेतला नाही, काम घेतलं. मला वाटतं, हाच शहाणपणाचा मार्ग आहे. त्यांचा हेतू त्यांच्यापाशी. त्यांची रीत मात्र शिकण्यासारखी आहे.

आणि ही रीत काही धर्माची मिरासदारी नाही. वाशिमचं हॉस्पिटल निघालं त्याच १९३८ साली सोलापूरचा सत्तावीस वर्षांचा एक डॉक्टर उलट दिशेने निघाला होता. द्वारकानाथ कोटणीस. काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात तो होता. नागपूरचे डॉ. चोळकरही त्याच पथकात होते. इतर परत आले, पण कोटणीस राहिला. चिनी शिकला, तिथेच लग्न केलं, युद्धात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिला आणि १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेला. त्याने कुणाला कुठला देव दिला नाही. पण भाषा शिकणं आणि राहणं, या दोन गोष्टी त्यानेही तशाच केल्या.

"हे सगळं जुन्या काळचं झालं, आता कोण असं करतं?" असं म्हणाल तर माझ्या मावसभावाचा किस्सा ऐका. तो टेक्सासला एमएस करतो. एका संध्याकाळी दारात दोन पोरं उभी. पांढरे शर्ट, टाय, छातीवर काळी नेमप्लेट. मॉर्मन पंथाचे मिशनरी. दोघंही एकोणीस वर्षांचे आणि त्यातला एक ब्राझीलचा. दादाला घरची आठवण येत होती, त्याने आपल्या पद्धतीप्रमाणे चहा विचारला. तर म्हणाले, आमच्याकडे चहा चालत नाही! पाणी पिऊन बसले. मग दादानेच त्यांची मुलाखत घेतली. मुलांनी दोन वर्षं द्यायची, मुलींनी दीड. कुठल्या देशात जायचं ते आपण ठरवायचं नाही, पत्र येईल तिकडे जायचं. खर्चाचा भार बहुतेक स्वतःवर नाहीतर घरच्यांवर. सकाळी साडेसहाला उठायचं, कायम जोडीनेच राहायचं, आठवड्यात एक दिवस कपडे धुवायला आणि बाजाराला. २०१९ पर्यंत तर घरी फोनसुद्धा वर्षातून दोनदाच करता यायचा, आता आठवड्याला करता येतो. दिवसभरात किती लोक ऐकून घेतात, असं दादाने विचारलं. ब्राझीलवाला हसून म्हणाला, दार उघडणारे थोडे, पाणी देणारे त्याहून थोडे.

दादाला त्यांचा धर्म पटला नाही. पण तो मला म्हणाला, "यार, मी इथे दीड वर्ष राहतोय, अजून शेजाऱ्याचं नाव माहीत नाही. आणि हा पोरगा परक्या भाषेत रोज पन्नास दारं वाजवतो."

आता आमच्या शोषखड्ड्याकडे येतो. पहिल्याच मोठ्या पावसात तो तुंबला. हापशीजवळ पूर्वी डबकं होतं, आता डबकं आणि त्यात चिखलाने भरलेला खड्डा. मी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर घरी थांबलो होतो, तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. आजी म्हणाली, "काळ्या मातीत पानी मुरते काय रे? पावसात माती फुगते, मंग थेंब जात नाही खाली. मले इचारलं असतं तं सांगतलं असतं."

वाचकहो, मी सिव्हिलचा विद्यार्थी आहे. काळी माती फुगते, तिची पाणी मुरवण्याची क्षमता कमी असते, हे सॉइल मेकॅनिक्सच्या पेपरात मी लिहिलेलं आहे आणि त्याचे मार्कही घेतले आहेत. खड्डा घेण्याआधी साधी मुरण्याची चाचणी घ्यायची असते, हेही माहीत होतं. पण आमच्याकडे सात दिवस होते आणि सातव्या दिवशी फोटो होता. आम्ही चाळीस जण होतो, त्यातल्या एकानेही त्या हापशीवर पाणी भरणाऱ्या बाईला काही विचारलं नाही. व्यसनमुक्तीवर मात्र आम्ही तिला अर्धा तास भाषण ऐकवलं. मला सांगा, न विचारता उपदेश करणारे आम्ही आणि बाजारात उभा राहून उपदेश करणारा गॉर्डन हॉल, यात फरक काय? फरक एवढाच, की त्याने आधी भाषा शिकून घेतली होती आणि तो दुसऱ्या दिवशीही तिथेच होता.

माझं म्हणणं हे नाही, की सगळ्यांनी नोकरी सोडून खेड्यात जाऊन बसावं. मलाही प्लेसमेंट हवी आहे, मीही जीआरईचा फॉर्म पाहून ठेवलाय. खोटं कशाला बोलू? पण सेवा हा शब्द वापरायचा असेल तर त्याला दोन अटी लावूया. एक, करण्याआधी तिथली भाषा शिकायची. अनसिंगची भाषा म्हणजे नुसती वऱ्हाडी नव्हे, तिथली माती, पाणी, तिथलं हापशीवरचं टायमिंगसुद्धा. दुसरी, केल्यानंतर पुन्हा जायचं. शिबिराचं गाव दरवर्षी बदलण्यापेक्षा चार वर्षं एकच ठेवा. फर्स्ट इयरला जे खणलं ते फायनल इयरला डोळ्यांनी बघा. मार्क त्यावर द्या.

मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. फायनल इयरचा प्रोजेक्ट त्याच हापशीच्या सांडपाण्यावर घेतोय. तीन मित्र तयार झालेत. त्यातला एक तो बसमधला ‘मिशनरी’वाला. दिवाळीनंतर चौघं जाऊन चार ठिकाणी मुरण्याची चाचणी घेणार आहोत आणि गावच्या उताराचं मोजमाप घेणार आहोत. खड्ड्याऐवजी नाली काढून परसबागेकडे पाणी नेता येईल का ते पाहायचं आहे. जमेल की नाही, माहीत नाही. आजीला फोन करून सांगितलं तर तिने पहिला प्रश्न विचारला, "किती दिस राहसान?"

या वेळी तारीख सांगितली. परत यायचीही.